पाठीतले पाणी आणि मेंदूज्वराचा पहिला तास

सुईच्या मागच्या टोकाशी पहिला थेंब जमू लागतो तेव्हा माझे लक्ष आधी त्याच्या रंगाकडे जाते. निरोगी माणसाच्या पाठीतले पाणी इतके नितळ असते की ते भरलेली काचेची नळी छापील कागदासमोर धरली, तर मागची बारीक अक्षरेसुद्धा तिच्यातून स्वच्छ वाचता येतात. जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वरात मात्र हेच पाणी धुरकट येते, अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती येण्याआधीच, रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्या उभ्या, आपली गाठ कशाशी पडली आहे हे कळून चुकते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशींची संख्या सुमारे २०० च्या पुढे गेल्याशिवाय डोळ्यांना गढूळपणा जाणवत नाही, त्यामुळे क्षयरोगाच्या किंवा विषाणूंच्या मेंदूज्वरात, आणि क्वचित अगदी सुरुवातीच्या जिवाणूजन्य आजारातही, पाणी स्वच्छ दिसू शकते. नितळ थेंब पाहून हायसे वाटणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी लगेच सुई काढून निश्चिंत होऊ देत नाही, ते यासाठीच.

तातडीच्या विभागात काम करताना ज्या आजारांची मला आजही धास्ती वाटते, त्यांत मेंदूज्वर फार वरच्या क्रमांकावर आहे. सकाळी ताप आणि डोकेदुखी घेऊन स्वतःच्या पायांनी चालत आलेला माणूस संध्याकाळी बेशुद्ध असू शकतो, आणि मधल्या वेळेत काय केले गेले यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते, असे दुसरे आजार फार थोडे आहेत. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहायचे ठरवले.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात आणि आतल्या दोन आवरणांमधल्या जागेत हे पाणी खेळत असते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते कोणत्याही क्षणी जेमतेम १५० मिलिलिटर असते, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि तेवढेच शोषले जाते. रक्तात जंतूंशी लढणारी जी प्रथिने आणि पेशी असतात, त्या या पाण्यात जवळजवळ नसतातच. त्यामुळे जिवाणू एकदा इथे शिरले की त्यांना अडवणारे कोणी नसते आणि ते झपाट्याने वाढतात. शरीराला उशिरा जाग येते, पांढऱ्या पेशींचा लोंढा तिकडे धावतो, आणि मग सूज, पू आणि वाढता दाब या सगळ्यांना कवटीच्या बंद पेटीत जागा उरत नाही. नुकसान जंतूंमुळे होते, तसेच शरीराच्या स्वतःच्या या प्रतिक्रियेमुळेही होते. उपचारांकडे वळल्यावर या गोष्टीचा पुन्हा संबंध येईल.

आपल्याकडच्या शब्दाने एक घोळ करून ठेवला आहे, तो आधी सोडवायला हवा. मराठीत आपण ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांसाठी वापरतो. मेंदूच्या आवरणांना सूज येते तो मेनिंजायटिस आणि खुद्द मेंदूला सूज येते तो एन्सेफलायटिस. दोन्ही एकत्रही असू शकतात. शिवाय आवरणांची सूज विषाणूंनी होते, जिवाणूंनी होते, क्षयरोगाच्या जंतूंनी होते आणि बुरशीनेही होते, आणि या चौघांचा स्वभाव पूर्णपणे निराळा असतो. विषाणूंचा मेनिंजायटिस बहुतेकदा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप उतरतो. मग ज्याच्या घरी असा एक रुग्ण बरा झालेला असतो, तो पुढच्या वेळी ठामपणे सांगतो की मेंदूज्वर काही एवढा वाईट नसतो. त्याचा अनुभव खरा असतो. फक्त तो दुसऱ्याच आजाराचा असतो.

आता ओळखण्याबद्दल. ताप, आखडलेली मान आणि भान हरपणे अशी तीन लक्षणे प्रत्येक पाठ्यपुस्तकात एकत्र छापलेली असतात आणि घरोघरीही तीच ठाऊक असतात. नेदरलँड्समध्ये जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या ६९६ प्रकरणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेले रुग्ण फक्त ४४ टक्के निघाले. म्हणजे जो डॉक्टर किंवा जे घर तिन्हींची वाट पाहत बसेल, ते निम्म्याहून अधिक रुग्णांत चुकेल. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त उपयोगी वाटतो. ताप, डोकेदुखी, आखडलेली मान आणि बदललेले भान या चारांपैकी कोणतीही दोन लक्षणे ९५ टक्के रुग्णांत होती. मी विद्यार्थ्यांना हे चारांतले दोन लक्षात ठेवायला सांगते. साध्या दुखण्यातही डोकेदुखी आणि ताप ही दोन असतात हे मलाही कळते, आणि म्हणूनच अशा रुग्णाला निदान एकदा नीट बसवून, त्याच्याशी बोलून, त्याची मान तपासल्याशिवाय घरी पाठवू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

मान तपासणे हीसुद्धा सवयीने येणारी गोष्ट आहे. आवरणांच्या सुजेत मान पुढे वाकवताना अडते, हनुवटी छातीला टेकत नाही, पण डावीकडे-उजवीकडे ती बऱ्यापैकी वळते. मणक्यांच्या झिजेमुळे आखडलेली वृद्ध माणसाची मान मात्र सगळ्याच दिशांना कुरकुरते. रुग्णाला उताणे झोपवून, त्याच्या डोक्याखाली दोन्ही हात घालून आधी हलकेच बाजूंना वळवून पाहावे आणि मग पुढे उचलावे. खरी आखडलेली मान असेल, तर डोक्याबरोबर खांदेही गादीवरून उचलले जातात. हे एकदा हाताला कळले की विसरत नाही. पाय सरळ करून किंवा मान वाकवून पाहायची कर्निग आणि ब्रुडझिन्स्की यांची चिन्हे आम्ही सगळेच परीक्षेसाठी घोकतो, पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढ रुग्णांच्या एका अभ्यासात ती चिन्हे आजार असलेल्या १०० पैकी जेमतेम ५ जणांत सापडली, आणि आखडलेली मान ३० जणांत. चिन्ह सापडले तर त्याला मोल आहे. सापडले नाही म्हणून आजार नाही, असे म्हणण्याचा अधिकार ते देत नाही.

तान्ह्या बाळांत तर मान बहुधा आखडतच नाही. तिथे खुणा वेगळ्या असतात: दूध ओढायचे थांबणे, अंग सैल पडणे, न थांबणारे किरटे रडणे, झटका येणे, आणि नवजात बाळात तापाऐवजी अंग थंडगार पडणेसुद्धा. बाळ शांत असताना आणि उभे धरलेले असताना टाळूवरून बोट फिरवले आणि ती फुगलेली, ताणलेली लागली, तर आतला दाब वाढला आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट आया सांगतात, आणि ती ऐकली की मी हातातले काम टाकून उठते. ‘एरवी उचलून घेतले की गप्प होतो, आज उचलले की जास्तच रडतो.’ उचलताना पाठ आणि मान हलते, आवरणे ताणली जातात आणि दुखते, म्हणून ते बाळ कुशीत येऊन शांत होण्याऐवजी आणखी किंचाळते. आईला कारण माहीत नसते, पण तिने नेमके लक्षण सांगितलेले असते, आणि तिचे हे वाक्य केसपेपरवर जसेच्या तसे उतरवून घ्यावे असे मला वाटते.

मेनिंगोकॉकस या जिवाणूच्या आजारात अंगावर जे पुरळ उठते त्याची ओळख मात्र सगळ्यांना असायला हवी. काचेच्या पेल्याची कड त्यावर दाबून धरली, तर साधे पुरळ फिके पडते आणि हे पडत नाही, कारण ते त्वचेखाली झिरपलेले रक्त असते. सावळ्या त्वचेवर ते लवकर दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजू आणि तोंडातला टाळा मुद्दाम पाहावा. पण पुरळ हे उशिराचे लक्षण आहे. ब्रिटनमधल्या ४४८ मुलांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाय दुखणे, हातपाय गार पडणे आणि त्वचेचा रंग बदलणे ही रक्तातल्या विषबाधेची लक्षणे साधारण आठव्या तासाच्या सुमारास आली होती, तर पुरळ, आखडलेली मान आणि हरपलेले भान या ओळखीच्या खुणा १३ ते २२ तासांच्या दरम्यान उमटल्या. तापाने फणफणलेल्या मुलाचे हातपाय गार आहेत आणि ते पाय दुखतात म्हणून पाय टेकवत नाही, हे चित्र पुरळ उठण्याआधीच पुरेसे बोलके आहे.

निदान पक्के होते ते पाठीतल्या पाण्यावरच, आणि नेमक्या त्याच तपासणीची लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते. ‘पाठीतले पाणी काढले की माणसाचे पाय जातात’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा मला राग येत नाही. ते कुठून आले असावे हे समजते. मेंदूज्वराने ज्यांचे हातपाय लुळे पडले, त्या जवळजवळ सगळ्यांच्या पाठीत कधीतरी सुई गेलेली असते, आणि घरच्यांच्या डोळ्यांपुढे सुई राहते, आजार राहत नाही. म्हणून मी नातेवाइकांना कागदावर मणक्यांचे चित्र काढून दाखवते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, जिथे पाण्यात फक्त मज्जातंतूंच्या सुट्या दोऱ्या तरंगत असतात आणि सुई आली की बाजूला सरकतात. आम्ही साधारण १० ते १५ मिलिलिटर पाणी घेतो आणि शरीर तेवढे तासाभरात पुन्हा तयार करते. काहींना नंतर दोन-चार दिवस उठून बसल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते, हे मी आधीच सांगून ठेवते. जर्मनीतल्या हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली, आणि इतक्या वर्षांत हिची जागा घेईल अशी दुसरी तपासणी निघालेली नाही.

रुग्णाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी आणून, पाठ कमानीसारखी वाकवून धरणारा माणूस चांगला असेल तर अर्धे काम झाले असे समजावे. सुई आत गेल्यावर आधी दाब मोजावा आणि मग नळ्या भराव्यात. त्याच वेळी रक्तातली साखर तपासायला द्यावी. ही गोष्ट फार विसरली जाते आणि मग आलेल्या अहवालाचा अर्थ लावता येत नाही. पाण्यातली साखर ५० आली तर ती वरवर ठीक वाटते, पण रक्तातली साखर त्या वेळी २०० असेल, तर ५० हा आकडा अतिशय कमी आहे, कारण निरोगी स्थितीत पाण्यात रक्ताच्या साधारण दोन-तृतीयांश साखर असते. हे प्रमाण ०.४ च्या खाली गेले, पांढऱ्या पेशी हजाराच्या घरात आणि त्यातही न्यूट्रोफिल या प्रकारच्या जास्त असल्या, प्रथिने वाढलेली असली, की जिवाणूंचा आजार समजावा. लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त आणि साखर जागेवर असेल तर विषाणू संभवतात. लिम्फोसाइट जास्त आणि साखर मात्र घटलेली असेल, तर क्षयरोग आणि बुरशी यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुईआधी सीटी स्कॅन हवाच, हा आग्रह मला पटत नाही. नव्याने आलेली फिट, एका बाजूची कमजोरी, खालावलेली शुद्ध, डोळ्याच्या पडद्यावरची सूज किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल, तर आधी स्कॅन योग्यच आहे. पण स्कॅनच्या रांगेत प्रतिजैविक लांबणे हा माझ्या मते या आजारातला सर्वांत महागडा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा उशीर आहे. सुईला वेळ लागणार असे दिसले की रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, घ्यावे, औषध सुरू करावे आणि मगच रुग्णाला हलवावे. औषधानंतर मेनिंगोकॉकस दोन तासांतच पाण्यातून नाहीसा होऊ शकतो हे खरे आहे, पण पेशी, साखर आणि प्रथिने आपली कहाणी पुढेही सांगत राहतात आणि पीसीआर या जनुकीय तपासणीत मेलेल्या जंतूचाही माग लागतो. पहिला डोस रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून तासाभरात गेला पाहिजे.

औषधांचे गणित वयावर आणि प्रकृतीवर ठरते. प्रौढांत सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक २ ग्रॅम दर १२ तासांनी शिरेतून देतात, त्याला दाद न देणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू जिथे आढळतो तिथे व्हॅन्कोमायसिनची जोड देतात, आणि उतारवयातल्या, गरोदर किंवा प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांत अँपिसिलिन वाढवतात, कारण लिस्टेरिया या जिवाणूवर सेफ्ट्रियाक्सोनचा काहीच परिणाम होत नाही. रुग्ण बरळत असेल, विचित्र वागत असेल, तर हर्पिस या विषाणूचा एन्सेफलायटिस डोळ्यांपुढे ठेवून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचे औषधही सुरू करावे. मघाशी शरीराच्या प्रतिक्रियेने होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख केला, त्यावर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३०१ प्रौढांवरच्या चाचणीत ते दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मात्र ते प्रतिजैविकाच्या थोडे आधी किंवा त्याच्याबरोबर द्यायचे असते. दुसऱ्या दिवशी आठवण होऊन दिलेल्या डोसाकडून तो फायदा अपेक्षित धरता येत नाही.

क्षयरोगाच्या मेंदूज्वराबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ दोन आठवड्यांची डोकेदुखी आणि बारीक ताप घेऊन आले होते. मान मऊ होती, बोलणे नीट होते. बरोबर आलेल्या पत्नीने एवढेच सांगितले की ‘हल्ली फार चिडचिड करतात, स्वभावच बदललाय.’ मी ते वाक्य घरगुती तक्रार समजले आणि वेदनाशामक गोळ्या लिहून त्यांना घरी पाठवले. नऊ दिवसांनी ते परत आले तेव्हा एक डोळा आत वळला होता, एकाची दोन माणसे दिसत होती आणि ते झोपेतून धड जागे होत नव्हते. कवटीच्या तळाशी साचलेल्या चिकट स्रावाने डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूला घेरले होते. ते वाचले, पण त्या नऊ दिवसांत जे गेले ते परत आले नाही. हा आजार दबक्या पावलांनी येतो. आठवडे जातात, आणि स्वभाव बदलणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. पाण्यातले जंतू इतके विरळ असतात की जनुकीय तपासणी नकारात्मक आली तरी आजार नाही असे म्हणता येत नाही, आणि संशय बळकट असेल तर उपचार सुरू करावेच लागतात. ते ९ ते १२ महिने चालतात, सुरुवातीच्या आठवड्यांत स्टिरॉइडसह. दोन आठवड्यांपेक्षा जुनी डोकेदुखी आणि ताप घेऊन आलेल्या माणसाबरोबर कोण आले आहे आणि ते काय म्हणते आहे, हे तेव्हापासून मी शेवटपर्यंत ऐकून घेते.

एचआयव्ही असलेल्या रुग्णांत क्रिप्टोकॉकस ही बुरशी असाच हळूहळू आजार करते. तिथे बुरशीवरच्या औषधांइतकेच महत्त्व वाढलेला दाब पुन्हा पुन्हा पाणी काढून उतरवण्याला असते, आणि हे पाणी काढणे म्हणजे तपासणी नसून उपचारच आहे, हे नातेवाइकांना दर वेळी नव्याने सांगावे लागते.

संसर्गाची भीती घरभर पसरते, पण प्रतिबंधक डोस प्रामुख्याने मेनिंगोकॉकसच्या रुग्णाच्या अगदी निकट राहिलेल्यांसाठी असतो: एका घरात झोपणारे, किंवा श्वासनलिकेत नळी घालताना ज्यांच्या तोंडावर थेंब उडाले असे कर्मचारी. सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी किंवा रिफॅम्पिसिनचे दोन दिवस पुरतात. बाकी खरे संरक्षण लसींचे. हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी), न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस या तिन्ही जिवाणूंवर लसी आहेत. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले होते. तिथल्या ‘ए’ गटाच्या मेनिंगोकॉकससाठी सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली स्वस्त लस डिसेंबर २०१० पासून बुर्किना फासो, माली आणि नायजर इथे दिली जाऊ लागली, आणि २०१७ नंतर त्या गटाचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नाही. एवढे लख्ख यश आमच्या क्षेत्रात विरळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये आजही सहांपैकी एक जण दगावतो आणि पाचांपैकी एकाला गंभीर गुंतागुंत होते. त्यात ऐकू न येणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट आहे. ताप उतरला, मूल खेळू लागले, आता कानाची तपासणी कशाला, असे आईवडिलांना वाटते, आणि घरी पाठीमागून टाळी वाजवली की ते वळते, असा पुरावाही ते देतात. टाळीने हवा हलते, सावली हलते, बाजूला बसलेल्या भावंडाची नजर हलते. मूल त्यातल्या कशानेही वळू शकते, आणि उंच पट्टीतले बोललेले शब्द त्याला मुळीच पोचत नसतील हे टाळीतून कळत नाही. शिवाय सुजेनंतर आतल्या कानाच्या शंखात काही आठवड्यांतच हाड धरू लागते, आणि एकदा ते धरले की कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची, तार आत सरकवणे अवघड होऊन बसते. त्यामुळे श्रवणचाचणी घरी जाण्याआधी, आणि ते जमलेच नाही तर चार आठवड्यांच्या आत, झालीच पाहिजे. तिची तारीख डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीच्या वर मी स्वतः लिहिते, आणि त्या दिवशी मूल आले की नाही हे पाहण्यासाठी ती माझ्या वहीतही टिपून ठेवते.